मेहुण्याच्या पतपेढीच्या कर्जाला जामीन राहावं का?

मिरजजंक्शन

नमस्कार मंडळी. मेहुणा (बायकोचा धाकटा भाऊ), मोबाइल ॲक्सेसरीजचं दुकान. भाडं, माल, लाइटबिल जाऊन घरात महिन्याला सरासरी ४०,००० येतात. देणी अशी आहेत:

क्रेडिट कार्ड १,२०,०००, दर महिन्याला फक्त मिनिमम ६,००० भरतो. दोन ॲपची कर्जं मिळून ३५,०००. त्यातल्या एकाचे दुकानाच्या क्यूआरमधून रोज १५० कापले जातात, दुसऱ्याचा हप्ता ४,५००. सोनेतारण ९०,००० (वर्षाला १२ टक्के, महिन्याला ९०० व्याज भरून फिरवत ठेवलंय). एका खासगी माणसाकडून १ लाख, पाच टक्क्याने, म्हणजे महिन्याला ५,०००. असे १४ महिने भरून झालेत, मुद्दल तेवढंच. त्याच्याकडे सही केलेले दोन कोरे चेक आहेत. भिशी उचलून झाली, ५,०००चे ९ हप्ते बाकी. गाडीचे ५०,००० बाकी, हप्ता ३,९००. एकूण देणं ४,४०,०००, महिन्याला २९,८०० बाहेर.

आता पतपेढीतून ४ लाख काढून 'सगळं एकदाच मिटवतो' म्हणतोय. १५ टक्के, ५ वर्षं, हप्ता ९,५१६. जामीनदार दोन लागतात, त्यातला एक मी. मी पगारदार आहे. सासूबाईंचं म्हणणं, 'नुसती सही तर करायचीय.' हप्ता २९,८००वरून साडेनऊ हजारांवर येतो, तेव्हा कागदावर त्याचं बरोबर दिसतं. पण तो हिशेब लिहीत नाही, हप्त्याच्या तारखेला खात्यात पैसे ठेवत नाही, आणि मोबाइलवर शेअर बाजारातल्या ऑप्शनचं काहीतरी चालू असतं. किती, ते सांगत नाही. सही करावी का? नाही केली तर मदत कशी करावी?

पासबुक

कागदावरही बरोबर नाहीये. १५ टक्क्यांच्या पैशातून काय फेडायचं? जे १५ पेक्षा महाग आहे तेवढंच. सोनेतारण १२ टक्क्यांचं आहे, ते १५ने कशाला फेडायचं? भिशीवर आता व्याज चढत नाही, हप्ते भरत राहायचे. गाडी तशीच चालू दे. उरलं काय? कार्ड १,२०,०००, ॲप ३५,०००, खासगी १,००,०००. बेरीज २,५५,०००. मग वरचे १,४५,००० कशाला हवेत, हे आधी विचारा. बहुतेक एखादं देणं यादीत आलेलं नाही, नाहीतर पैसा ऑप्शनकडे जाणार आहे.

२,५५,००० ला १५ टक्क्यांनी ३ वर्षं धरली तर हप्ता ८,८४०. त्यात सोन्याचं व्याज ९००, भिशी ५,०००, गाडी ३,९०० मिळवा, १८,६४० होतात. म्हणजे लहान कर्जातही महिन्याला ११ हजारांच्या वर सुटतात, आणि ते पाचऐवजी तीन वर्षांत संपतं.

कार्डाचं गणित त्याला त्याच्याच स्टेटमेंटवर दाखवा. महिन्याला साडेतीन टक्के धरले तर १,२०,००० वर व्याज ४,२००, त्यावर १८ टक्के जीएसटी ७५६, मिळून ४,९५६. भरले ६,०००. मुद्दल उतरलं १,०४४. त्याच कार्डावर महिन्यात दोन हजारांचा जरी माल भरला तरी बाकी वाढली. शिवाय मागची बाकी पूर्ण भरलेली नसली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज. 'मी तर वेळेवर भरतो' असं म्हणणारी माणसं नेमकी इथे फसतात.

जामीन लागणारच नाही असाही मार्ग आहे. कार्डाच्या बँकेला फोन करून पूर्ण बाकी हप्त्यांत बदलून मागायची. दर साधारण १६ ते २० टक्क्यांच्या आसपास सांगतात, जीएसटी व्याजावर वेगळा. कार्डाच्या महिना साडेतीन, म्हणजे वर्षाला ४२ पेक्षा कधीही बरा. आणि उरलेल्या १,३५,००० साठी तारण सोन्याचं नव्याने मूल्यांकन करून वाढीव रक्कम मिळते का बघा. रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांत अडीच लाखांपर्यंतच्या सोनेतारणाला दागिन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत कर्ज बसतं, पण व्याजही मुदतीअखेरच द्यायचं असेल तर त्या टक्क्यात तेही धरतात.

कलम१०१

'नुसती सही' बद्दल. करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं म्हणता येत नाही. वसुलीवाले नोकरदार जामीनदारालाच आधी गाठतात, कारण पगाराची तारीख ठरलेली असते.

पतपेढीचं आणखी एक वेगळं. तिला दिवाणी दावा लावत बसावं लागत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो, आणि कलम १५६ खाली वसुली अधिकारी थेट जप्तीला येतो. दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली फेरतपासणी मागायची तर येणे रकमेच्या निम्मे आधी भरावे लागतात. चार लाख थकले तर दाद मागायलाच दोन लाख. अर्जाच्या गठ्ठ्यात पगारकपातीचं संमतीपत्र असेल तर तेही वाचा. सोसायटीने कलम ४९ खाली मालकाला कळवलं की पगारातून परस्पर कापलं जातं. जामीनदाराला सभासद करून घेतात, शेअर्सचे पैसे त्याच्याकडूनही घेतात.

जामीनदाराने भरलेले पैसे कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क कायद्याने आहे. मेहुण्यावर दावा लावून घरात जेवायला बसणार कोण, हा प्रश्न कायद्याच्या बाहेरचा.

एकदा कर्ज उचललं गेलं की 'मी जामीन मागे घेतो' असं पत्र देऊन त्या कर्जातून सुटता येत नाही. संस्थेने दुसरा जामीनदार मान्य केला तरच. आणि शेअर्स, प्रोसेसिंग, विमा कापून चारच्या चार लाख हातात येत नाहीत, हेही त्याला सांगा.

तरीही सही करायचीच झाली तर रक्कम २,५५,००० च्या वर नको. कर्जाची रक्कम त्याच्या बचत खात्यात न जाता प्रत्येक देणेकऱ्याला थेट एनईएफटीने जावी, असं संस्थेला आधीच लेखी द्या आणि पोच घ्या. कार्ड फेडलं की त्याच दिवशी बंद करण्याचा लेखी अर्ज. बाकी शून्य असेल तर बँकेने ७ कामकाजी दिवसांत कार्ड बंद करायचं असतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेला. एकत्रीकरणाची कर्जं बुडतात ती इथेच: जुनं कार्ड रिकामं होऊन खिशात राहतं आणि वर्षभरात दोन्ही भरलेली असतात.

रोजमेळ

सगळ्यात आधी खासगी माणसाचं बघा. रक्कम कार्डापेक्षा कमी असली तरी कागद त्याच्याकडे आहेत.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ खाली परवाना लागतो. दर शासनाने ठरवलेले आहेत: बिगरशेती विनातारण कर्जाला वर्षाला १८ टक्के, तारण असेल तर १५. पाच टक्के महिना म्हणजे वर्षाला ६०. १८ टक्क्यांनी १ लाखाचं १४ महिन्यांचं व्याज २१,००० होतं; याने ७०,००० दिले. जादा गेलेले ४९,००० मुद्दलात धरले तर उरतात ५१,०००. बोलणी इथून सुरू करायची, एक लाखावरून नाही. विनापरवाना सावकारीला कलम ३९ खाली ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० पर्यंत दंड आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे होते. धमकी असेल तर पोलीस ठाण्यात वेगळी.

तक्रारीच्या आधी पुरावा जमवा. ७०,००० कसे दिले? यूपीआयने असतील तर त्या १४ नोंदींचं बँकेच्या शिक्क्याचं स्टेटमेंट काढून बाजूला ठेवा. रोख असतील तर पुढचा हप्ता तरी खात्यातून द्या आणि शेऱ्यात 'व्याज, अमुक महिना' लिहा.

कोरे चेक: चेकबुकच्या अर्धुकावरून दोन्ही नंबर काढा. सही केलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला तरी तो देण्यापोटीच होता असं कोर्ट धरून चालतं, उलट शाबीत करायचं आपल्यावर येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत समोरचा नोटीस देतो, ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरायचे असतात, नाहीतर कलम १३८ ची (चेक न वटल्याची फौजदारी) फिर्याद. स्टॉप पेमेंट दिलं की सुटलो, हा गैरसमज आहे. देणं असेल तर तेव्हाही १३८ लागतं. नोटिशीला उत्तर न देणं ही सगळ्यात महागडी चूक. हिशेब मिटला की नंबरनिशी चेक परत घ्या, पावतीवर 'पूर्ण फिटले' आणि तारीख.

ॲपचं थोडक्यात: आधी कर्जाचं स्टेटमेंट आणि करार उतरवून घ्या, मग मोबाइलच्या सेटिंगमधून कॉन्टॅक्ट, फोटो, कॉल लॉगच्या परवानग्या काढा. या गोष्टींना हात लावायची मुभा कर्जाच्या ॲपना नाहीच. ॲप काढून टाकलं की कर्ज जात नाही, पुरावा मात्र जातो. मुख्य तथ्य विवरणात (कर्जाच्या अटींचा गोषवारा) बँकेचं किंवा वित्त कंपनीचं नाव असतं, तिच्याकडे फोरक्लोजरची (मुदतीआधी कर्ज बंद करायची) रक्कम मागा. वसुलीचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळात करता येतात. नातेवाइकांना फोन, फोटोत फेरफार असलं काही झालं तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार. नोंदणीकृत कंपनीची तक्रार आधी तिच्याकडे लेखी, ३० दिवसांत निकाल नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे'ची यादी उघडून बघा, तिथे यादीबाहेरची देणी सापडतात. बाउन्स चार्ज दोन्हीकडून बसतो, बँक वेगळा, कर्जवाला वेगळा.

साधीभाकरी

@पासबुक, सोन्यावर वाढीव कर्ज हा सल्ला मला पटला नाही. दागिने कुणाचे आहेत? मेहुण्याच्या बायकोचे असतील तर ते स्त्रीधन, आणि तारणाची पावती बहुधा याच्या नावावर. तिला विचारल्याशिवाय आणखी ओझं टाकू नका. व्याज भरून फिरवत ठेवलेलं सोनं दुकानदारीत दोन महिने मंदी आली की लिलावाच्या नोटिशीवर जातं. मी तर उलट म्हणेन, खासगी देणं मिटलं की सुटलेल्या पैशातून सोनं आधी सोडवा, व्याज कमी असलं तरी.

पासबुक

दागिन्यांबद्दल मान्य, तिची संमती हवीच. पण १२ टक्क्यांचं आधी फेडून कार्डाचे ४२ चालू ठेवणं मला परवडणारं वाटत नाही. कार्ड हप्त्यांवर गेलं की मग तुमचा क्रम चालेल.

मिरजजंक्शन

सगळ्यांचे आभार. ४ लाखांना नाही म्हणायचं ठरतंय. दोन गोष्टी राहिल्या. ऑप्शनमध्ये किती गेले ते कसं कळणार? आणि घर सासऱ्यांच्या नावावर आहे, ते वारले, वारसनोंद झालेली नाही. त्यावर कर्ज काढलं जाईल का?

कलम१०१

घराचं आधी. वारसनोंद नसली तरी वारस आहेतच: सासूबाई, तुमची पत्नी, मेहुणा, आणखी भावंडं असतील तर ती. त्याला फार तर स्वतःच्या अविभक्त हिश्शापुरतं गहाण टाकता येईल, आणि असलं तारण बँक सहसा घेत नाही. म्हणून सगळ्यांच्या सह्या मागितल्या जातील. संमतीपत्र, हक्कसोडपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र, यातलं काहीही 'वारसनोंदीचे कागद' म्हणून समोर आलं तर शीर्षक वाचल्याशिवाय सासूबाईंनी आणि तुमच्या पत्नीने सही करू नये. मूळ खरेदीखत आणि सूची क्र. २ (इंडेक्स टू) सासूबाईंच्या ताब्यात आहे का ते आजच बघा. खरेदीखत ठेवून घेतलेल्या कर्जाची नोटीस ऑफ इंटिमेशन नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये दिसते. मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा काढा आणि वारसनोंदीचा अर्ज सगळ्यांच्या नावाने करून टाका.

पत्नीवर किंवा तुमच्यावर त्याच्या कर्जाची जबाबदारी नात्याने येत नाही. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही असेल तरच येते.

रोजमेळ

ऑप्शनसाठी त्याच्या ब्रोकरच्या ॲपमधून आर्थिक वर्षानुसार 'टॅक्स पी अँड एल' (नफा-तोट्याचा अहवाल) उतरवायला सांगा. डिमॅटच्या एकत्रित स्टेटमेंटमध्ये हे दिसत नाही. तो देत नसेल तर १२ महिन्यांचं बँक स्टेटमेंट घ्या, ब्रोकरला गेलेल्या आणि आलेल्या रकमा वेगळ्या बेरजेत मांडा. फरक म्हणजे तोटा किंवा तिथे पडून असलेली रक्कम. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात तीन वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या, सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख. हा आकडा त्याच्या पी अँड एलच्या शेजारी ठेवा. भाषणापेक्षा तो जास्त बोलतो. ब्रोकरकडे फक्त वायदे-ऑप्शनचा विभाग बंद करायचा अर्ज देता येतो, डिमॅट बंद करावं लागत नाही. तोटा मुदतीत विवरणपत्र भरून दाखवला तर ८ वर्षं पुढे ओढता येतो. उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर त्याला विवरणपत्र तसंही भरायचंच आहे.

बंद करायचं म्हणतो आणि आठवड्यात पुन्हा चालू होतं, असं असेल तर तो पैशाच्या हिशेबाचा प्रश्न राहिलेला नाही. १४४१६ वर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आणि चारही क्रेडिट ब्युरोंचा (कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्या) अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो त्याच्यासमोर बसून काढा आणि तुमच्या यादीला ताडून बघा. खासगी, भिशी आणि बऱ्याच पतपेढ्यांची कर्जं त्यात नसतात, तेवढी तोंडीच विचारावी लागतील. 'चौकशी' या रकान्यात गेल्या तीन महिन्यांत पाच-सहा नावं दिसली तर तो अजून कर्ज शोधतोय असं समजा, आणि पतपेढीच्या अर्जावर तुमचं नाव आधीच लिहून गेलंय का तेही संस्थेत जाऊन विचारा.