प्लेसमेंट सेलची शीट अख्ख्या बॅचला दिसतेय, आधार नंबर आणि घरच्या पत्त्यासकट. काय करता येईल?

चाफा_०४

पुणे जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात फायनल इयरला आहे, कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. सेमिस्टर सुरू होतानाच प्लेसमेंट सेलने (नोकरीसाठी कंपन्या कॉलेजात आणणारा विभाग) एक गूगल फॉर्म पाठवला, भरला नाही तर कुठल्याच कंपनीला बसता येणार नाही असं सांगितलं म्हणून सगळ्यांनी भरला. दहावी बारावीचे टक्के, सीजीपीए, लाईव्ह बॅकलॉग (अजून राहिलेले विषय), डेड बॅकलॉग (नंतर सुटलेले), गॅप (शिक्षणात पडलेला खंड) वगैरे होतं, ते लागणारच. पण त्याच फॉर्ममध्ये आधार नंबर, आधारची पीडीएफ, पॅन, जातीची कॅटेगरी, वडिलांचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, गावाकडचा पत्ता, आईचा मोबाईल नंबर, रक्तगट, उंची, वजन असं पण विचारलं होतं आणि सगळ्यापुढे लाल स्टार, म्हणजे सोडून पुढे जाताच येत नाही.

आता झालंय असं की मागच्या आठवड्यात एका ड्राइव्हच्या (कंपनीच्या कॉलेजमधल्या भरतीच्या) आधी स्टुडंट कोऑर्डिनेटरने "आपापली माहिती चेक करा रे" म्हणून त्या फॉर्मची शीटच बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. उघडली तर सगळ्या ब्रँचची, सगळ्यांची माहिती, वरून खालपर्यंत. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर कोणाचं उत्पन्न किती, कोण कुठल्या कॅटेगरीतून आलंय यावर चर्चा सुरू झाली, एका मुलीचे वडील शेतमजूर आहेत ते कोणीतरी स्क्रीनशॉट काढून टाकलं, ती दोन दिवस मेसमध्ये जेवायला आली नाही. माझ्या रूममेटला अनोळखी नंबरवरून मेसेज येतायत आणि पाठवणाऱ्याला तिच्या गावाचं नाव माहितीये.

कोऑर्डिनेटर म्हणतो सगळे आपलेच आहेत, एवढं काय. सर म्हणतात फॉर्मच्या शेवटी "माहिती कंपन्यांना देण्यास माझी हरकत नाही" यावर टिक तुम्हीच केलंय. कंपन्यांना द्यायला हरकत नाहीचे हो, पण बॅचला कुठे परवानगी दिली होती? हे कायद्यात बसतं का, आणि सीझन चालू असताना वाईटपणा न घेता बोलायचं कसं?

पाटा_वरवंटा

ताई कायद्याचं जाणकार सांगतील, मी सिक्युरिटीत काम करतो तर आधी आज काय करायचं ते सांगतो, कारण जितके तास लिंक उघडी राहील तितक्या कॉप्या होतील.

शीटचा ॲक्सेस "लिंक असलेला कोणीही" वरून "रिस्ट्रिक्टेड" करायला लावा, आणि हे आजच. ते लोक बहुतेक म्हणतील आम्ही नको ते कॉलम हाईड केलेत. त्याला अजिबात ऐकू नका, शीट बघता येणारा माणूस स्वतःची कॉपी काढतो आणि त्या कॉपीत कॉलम परत उघडतो, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. माहिती तपासायची असेल तर ज्याला त्याला त्याच्या ईमेलवर त्याचीच रो पाठवता येते, नाहीतर फक्त पीआरएन (विद्यापीठाचा विद्यार्थी क्रमांक) आणि टक्के एवढीच वेगळी फाईल करायची, मूळ शीटला हातच लावायचा नाही.

दुसरं, आधारची पीडीएफ. साईटवरून डाउनलोड केलेल्या ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. आता तुमच्या शीटमध्ये नाव पण आहे, जन्मतारीख पण आहे आणि शेजारी त्या पीडीएफची लिंक पण आहे, म्हणजे पासवर्ड असून नसल्यासारखाच. त्या पीडीएफ ज्या गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये जातात त्याचा ॲक्सेस वेगळा असतो हे लोकांच्या लक्षात येत नाही, तोही बघायला सांगा.

ज्यांचे ज्यांचे नंबर गेलेत त्यांनी मायआधार साईटवर जाऊन बायोमेट्रिक (बोटांचे ठसे, डोळ्यांची ओळख) लॉक करून टाका, फुकट आहे. पुढे कुठेही द्यायची वेळ आली तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

आणि फॉर्म कोणाच्या अकाउंटवरून बनलाय तेवढं विचारा. माझ्या पाहण्यात असं फार येतं की मागच्या बॅचच्या एखाद्या मुलाने स्वतःच्या जीमेलवरून फॉर्म बनवलेला असतो, तो पास होऊन बंगळुरूला जातो आणि दरवर्षीचा डेटा त्याच्याच ड्राइव्हमध्ये साचत राहतो. त्याच्या मनात काही वाईट नसेलही, पण त्याचा पासवर्ड उद्या गेला तर तुमच्या सगळ्यांचंच गेलं.

टीपीओ_मराठवाडा

मी एका कॉलेजात बरीच वर्षं टीपीओ, म्हणजे ट्रेनिंग आणि प्लेसमेंट ऑफिसर आहे म्हणून आमच्या बाजूने लिहितो. बाळा, तुमच्याकडे झालं ते चूकच आहे, त्याचं समर्थन कोणी करू नये.

कंपनीचा एचआर ड्राइव्हच्या आधी स्वतःचा एक्सेल फॉरमॅट पाठवतो. त्यात नाव, ब्रँच, ईमेल, मोबाईल, जन्मतारीख, जेंडर, दहावी, बारावी किंवा डिप्लोमा, डिग्रीचे टक्के, बॅकलॉग, गॅप एवढंच असतं. बऱ्याच कंपन्यांना सगळीकडे साठ टक्के पाहिजे असतात म्हणून मार्कांचे एवढे कॉलम. जेंडर लागतं कारण काही ड्राइव्ह फक्त मुलींसाठी असतात. आधार आणि पॅन या टप्प्यावर सहसा कोणाला लागत नाही, ते ऑफर मिळाल्यावर जॉइनिंगच्या वेळी पीएफसाठी, टॅक्ससाठी आणि बॅकग्राउंड चेकसाठी लागतं आणि ते विद्यार्थी थेट कंपनीच्या पोर्टलवर भरतो, मधे कॉलेजचं काहीच काम नसतं. उंची वजन मर्चंट नेव्ही, डिफेन्स असलं काही असेल तरच, आणि तेव्हा जे अर्ज करणार त्यांनाच विचारावं.

मग सगळं का गोळा करतात? एक तर भीती, की कंपनीने ऐनवेळी मागितलं तर दोनशे पोरांच्या मागे कोण लागणार, म्हणून एकदाच सगळं घेऊन ठेवायचं. दुसरं नॅक (कॉलेजची तपासणी करून ग्रेड देणारी संस्था) आणि एनआयआरएफ (सरकारचं कॉलेज रँकिंग). पण एनआयआरएफला काय द्यायचं असतं तर किती प्लेस झाले, किती उच्च शिक्षणाला गेले आणि मीडियन पगार किती, म्हणजे आकडे. नॅकच्या पाचव्या क्रायटेरियनला प्लेसमेंटचा पुरावा म्हणून ऑफर लेटर जोडायला लागतात, ती नंतरची गोष्ट. कॅटेगरीची आकडेवारी लागली तर ती ॲडमिशन सेक्शनला आधीपासून आहे, प्लेसमेंट सेलने परत विचारायचं कारणच नाही.

आणि खरं दुखणं असंय की बहुतेक कॉलेजात सेल म्हणजे एक सर, त्यांनाच चार लेक्चर, प्रॅक्टिकल, परीक्षेचं सुपरव्हिजन, मग शीट आपोआप कोऑर्डिनेटर पोरांच्या हातात जाते. आमच्याकडे आता कोऑर्डिनेटरला मेन शीटचा ॲक्सेसच नाही, तो फक्त निरोप देतो आणि पोरांना हॉलमध्ये आणून बसवतो. फॉर्म कॉलेजच्या डोमेनवरून, आणि प्रत्येक ड्राइव्हला जे इच्छुक त्यांचीच यादी वेगळी काढून जाते, सरसकट बॅच नाही. काम थोडं वाढतं, पण जमतं.

बोलायचं कसं तर एकटीने जाऊ नकोस. प्रत्येक ब्रँचमधून दोघं जा आणि तोंडी बोलून सोडू नका, मेल करा. भाषा साधी ठेवा, म्हणजे असं: "सर, ड्राइव्हसाठी लागणारी माहिती द्यायला आम्ही तयार आहोत. शीटची लिंक बंद करावी, आधार, पॅन, कॅटेगरी, उत्पन्न आणि पालकांची माहिती काढून टाकावी, आणि यापुढे शीट कोणाकडे असेल ते कळवावं ही विनंती." यात कोणावर आरोप नाही, कुठल्याही सरांना यावर चिडायला जागा नाही.

कोर्टाची_पायरी

वकिली करते, सविस्तर लिहिते.

प्रायव्हसी मूलभूत हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी केसमध्ये २०१७ ला सांगितलं. त्यानंतर २०२३ ला डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. पण संमती, नोटीस, सुरक्षेची जबाबदारी या मुख्य तरतुदी लागू व्हायला नियमांपासून अठरा महिने दिलेत, म्हणजे मे २०२७ च्या आसपास. त्यामुळे आज उठून डेटा बोर्डाकडे (या कायद्याखालच्या तक्रारी बघणारं मंडळ) गेलात आणि कॉलेजला दंड झाला असं होणार नाही. आणि दंड झाला तरी (सुरक्षेत कसूर केली तर २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो) तो सरकारकडे जमा होतो, विद्यार्थ्याच्या हातात भरपाई पडत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

तरी कायदा काय म्हणतो ते सरांना दाखवा, कारण कॉलेजला तयारी आत्ताच करायला लागणारे. कलम ६ मध्ये संमती मोकळेपणाने दिलेली, ठराविक कामासाठीच आणि त्या कामाला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असली पाहिजे. तिथे उदाहरण दिलंय: टेलिमेडिसिनचं ॲप कॉन्टॅक्ट लिस्ट पण मागतं आणि बाईने दोन्हीला हो म्हटलं, तरी तिची संमती उपचाराला लागणाऱ्या माहितीपुरतीच धरायची. तुमच्या सरांच्या "टिक तुम्हीच केलंय" ला हेच उत्तर आहे. नोटीस मराठीत मागायचा पर्याय पण कायद्यात आहे. दिलेली संमती मागे घेता येते, आणि ते संमती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे.

आधारचं मात्र आजच लागू आहे. आधार कायद्याच्या कलम २९ नुसार आधार नंबर असा चारचौघात जाहीर करता येत नाही. मेलमध्ये हे एक वाक्य घाला, बाकी कशाने नाही तर याने हालचाल होते.

रूममेटचं प्रकरण वेगळं धरा आणि ते आधी हाताळा. मेसेज डिलीट करू नका, नंबरासकट स्क्रीनशॉट ठेवा. नको म्हटल्यावरही पाठलाग चालू असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतं, ११२ ला फोन करता येतो, सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार टाकता येते. तो कॉलेजमधलाच निघाला तर अंतर्गत तक्रार समितीकडे (लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असते ती) पण जा. शीटच्या विषयासाठी कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे, यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे ती असायलाच लागते, आणि तिथे दाद नाही मिळाली तर विद्यापीठाने नेमलेला लोकपाल.

सातासमुद्रापार_सातारकर

यूकेत मास्टर्स केलं, तिथलं सांगतो, कोणाला तुलना करायला उपयोगी पडेल.

तिथे करिअर सर्व्हिसचा स्वतःचा प्रायव्हसी नोटीस असतो, कुठली माहिती, कशासाठी, किती वर्षं ठेवणार, कोणाला देणार हे सगळं लिहिलेलं. ॲडमिशनची बेसिक माहिती पोर्टलवर आपोआप येते, पण कंपनीला माझा सीव्ही मी स्वतः अर्ज केल्यावरच जायचा. अपंगत्व किंवा आजाराबद्दल ॲडव्हायझरला सांगितलं तर ते मला विचारल्याशिवाय एम्प्लॉयरपर्यंत जात नाही. वंश, धर्म, आरोग्य असली माहिती कायद्यात वेगळ्या वर्गात टाकलीय आणि तिला जास्त संरक्षण आहे. आपल्या २०२३ च्या कायद्यात असा वेगळा वर्गच नाही आणि मला ती फार मोठी उणीव वाटते, कारण आपल्याकडे जातीचा कॉलम उघडा पडला की काय होतं ते चाफाने वर लिहिलंच आहे.

अजून एक, माझ्याबद्दल तुमच्याकडे काय काय आहे ते द्या असा अर्ज केला की साधारण महिन्याच्या आत फुकट द्यायला लागतं, ॲडव्हायझरने भेटीत लिहिलेल्या नोट्स पण. मित्राने मागितल्या होत्या, मिळाल्या. तिथे सगळं आदर्श आहे असं नाही, पास झाल्यावर पंधरा महिन्यांनी ग्रॅज्युएट आउटकम्सचा सर्व्हे येतो, त्याचे मेल आणि फोन इतके येतात की वैताग येतो. पण नको म्हटलं की थांबतात.

चाफा_०४

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही आठ जण मिळून मेल केला, टीपीओ सरांनी दिलेलंच वाक्य जवळपास तसंच आणि आधारचं कलम. लिंक त्याच दिवशी बंद झाली. आधार आणि पॅनचे कॉलम काढलेत म्हणून रिप्लाय आलाय, फॉर्म खरंच एका पास झालेल्या मुलाच्या जीमेलवर निघाला, तो आता कॉलेजच्या अकाउंटला ट्रान्सफर करून घेतायत. रूममेटने तक्रार टाकलीय, ताईंनी सांगितल्याप्रमाणे सगळे स्क्रीनशॉट जोडून.

उत्पन्न आणि कॅटेगरी मात्र काढायला तयार नाहीत, म्हणतात स्कॉलरशिपसाठी लागतं. आणि दुसरं, प्लेस झालेल्यांचे फोटो नाव आणि पॅकेजसकट गेटवर फ्लेक्सवर आणि इन्स्टाला लावतात, त्याला नाही म्हणता येतं का? माझ्या मैत्रिणीच्या घरी पॅकेजचा आकडा बघून नातेवाईक उसने पैसे मागायला लागले, तिला फार त्रास झाला.

टीपीओ_मराठवाडा

स्कॉलरशिपचा आणि प्लेसमेंटचा काडीचा संबंध नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला तुम्ही महाडीबीटीवर (राज्य सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल) भरता आणि तो कॉलेजच्या स्कॉलरशिप क्लार्कच्या लॉगिनला व्हेरिफाय होतो. ज्या टेबलाला लागतो त्या टेबलावर तो आहे. हेच वाक्य रिप्लायमध्ये लिही आणि मेलच्या कॉपीत प्रिन्सिपल सरांना ठेव.

फोटोला नाही म्हणता येतं. ऑफर आल्यावर सेल फोटो मागतं तेव्हाच लेखी कळवायचं की फ्लेक्स आणि सोशल मीडियासाठी नाव, फोटो, पॅकेज वापरू नये. आमच्याकडे मी एक साधा कागद ठेवलाय, नाव हो/नाही, फोटो हो/नाही, पॅकेज हो/नाही. पोरं नाव आणि फोटोला बहुतेक हो म्हणतात, पॅकेजला बरीच जणं नाही म्हणतात, आणि तसंच छापतो. तो कागद हवा असेल तर मेसेज कर, पाठवतो, तुमच्या सरांना दे.

चाफा_०४

हो सर, नक्की पाठवा. सोमवारी सगळे मिळून परत भेटतोय त्यांना, तेव्हा घेऊन जाते.