गाण्यातून गायकाचा आवाज काढायची ती युक्ती मोनो गाण्यावर चालत नाही

गाण्याचा नुसता वाद्यांचा ट्रॅक हवा असेल, तर ऑडॅसिटीत (ध्वनी संपादनाचं सॉफ्टवेअर) डाव्या-उजव्यापैकी एक चॅनल इन्व्हर्ट करून, म्हणजे त्याची लहर उलटी करून, दोन्ही एकत्र केले की गायकाचा आवाज जातो, असं सांगितलं जातं. जातो, पण गाणं खरोखर स्टिरिओ असेल, म्हणजे दोन्ही चॅनल वेगवेगळे असतील तरच. गायकाचा आवाज बहुतेकदा डाव्या-उजव्या चॅनलमध्ये सारखाच असतो म्हणून तो वजा होतो. त्याच न्यायाने मधोमध ठेवलेला बेसही (खालचे सूर) जातो, आणि आवाजाचा रिव्हर्ब (घुमारा) मात्र मागे भुतासारखा रेंगाळतो. साठच्या दशकापर्यंतची आपली बहुतेक गाणी मुळात मोनो. दोन्ही बाजू तंतोतंत एकच, त्यामुळे वजाबाकी केली की हातात शून्य. सोसायटीच्या गणेशोत्सवात आईला एक जुनं भावगीत म्हणायचं होतं, त्याचा ट्रॅक करताना मी अर्धा तास स्पीकर बिघडला समजून वायरी हलवत बसलो होतो!

शेवटी डेमक्स हे गाण्यातला आवाज आणि वाद्यं वेगळी करणारं सॉफ्टवेअर वापरलं. ते वजाबाकी करत नाही, शिकवलेल्या मॉडेलने आवाज ओळखून वेगळा काढतं, त्यामुळे मोनोलाही चालतं. फुकट आहे, ग्राफिक्स कार्ड नसलं तरी भागतं, फक्त वेळ खातं. आमच्या गाण्यात एक गोची झाली: व्हायोलिनचे काही सूर गाणं समजून त्याने आवाजाबरोबर उचलून नेले. मग कडव्यांच्या मधले वाद्यांचे तुकडे मी मूळ फाइलमधूनच घेतले (तिथे कोणी गातच नाही, तर सॉफ्टवेअरला हात का लावू द्यायचा?) आणि डेमक्सचा भाग फक्त कडव्यांपुरता ठेवला. जोडाच्या जागी छोटा क्रॉसफेड दिला (एक तुकडा हळूहळू मावळतो तसा दुसरा चढतो), कोणाला कळलंसुद्धा नाही.