‘बालसैनिक’ला दुसरा शब्द?

प्रश्न : उत्तर युगांडातल्या मुलांवरचा मजकूर मराठीत आणते आहे. लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर गटाने पळवलेली, पुढे सुटून तिथल्या गुलू शहरात आलेली मुलं. ‘बालसैनिक’ लिहिलं की डोळ्यांपुढे शाळेतलं संचलन येतं. ‘माजी बालसैनिक’ तर लिहवतच नाही.

उत्तर १ : ताई, खटकतंय ते बरोबरच आहे. ‘माजी सैनिक’ म्हटलं की साताऱ्याकडचा पेन्शनीत निघालेला सुभेदार आठवतो. शाळेच्या वाटेवरून उचललेलं नऊ-दहा वर्षांचं पोर त्या शब्दात बसत नाही. ‘भरती’ही नको, भरतीला माणूस आपल्या पायांनी जातो. मी ‘युद्धाला जुंपलेली मुलं’ लिहीन. जुंपताना बैलाला कुणी विचारत नाही. शिवाय जुंपणं म्हणजे नुसतं लढणं नाही. ओझी वाहणारी, रांधणारी मुलं त्यात येतात, कमांडरांच्या ‘बायका’ केलेल्या मुलीही येतात. 2007च्या पॅरिस तत्त्वांनी, म्हणजे अशा मुलांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी, व्याख्या अशीच रुंद ठेवली, हाती बंदूक नसलेली मुलंही धरली. ‘बालसैनिक’मधून नेमक्या या मुली गळतात.

उत्तर २ : शब्द आवडला. पण डॉमिनिक ऑन्गवेनचं काय? लहानपणी पळवलेला हाच मुलगा पुढे कमांडर झाला. 2021मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने त्याला 25 वर्षांची शिक्षा दिली, त्यात पंधराच्या आतल्या मुलांना लढाईत ओढल्याचाही गुन्हा होता. तो आधी जुंपला गेला, मग त्यानेच जुंपलं. एका शब्दात नका कोंबू, दोन वाक्यं लिहा.

प्रश्नकर्ती : आणि परतण्याला? ‘पुनर्वसन’ म्हटलं की धरणग्रस्त आठवतात.

उत्तर १ : ‘माणसांत आणणं’ असं कुणी सुचवेल, ते मुळीच घेऊ नका. ती मुलं माणसंच होती. तिथल्या अचोली लोकांचं बघा. परतलेलं पोर अंगणात शिरताना वाटेत ठेवलेल्या कच्च्या अंड्यावर पाय देतं, अंडं फुटतं, मग घरचे त्याला आत घेतात. गुलूच्या मेगा एफएमवर ‘द्वोग पाचो’ नावाचा कार्यक्रम लागायचा, म्हणजे ‘घरी परत या’. सुटून आलेले त्यावर बोलायचे, रानात राहिलेल्यांनी ऐकावं म्हणून. त्यांचाच शब्द ‘घर’ आहे, तर आपणही ‘घरी परतणं’ म्हणू. पुढच्या वर्षांसाठी ‘रुळणं’. ज्याच्यापासून शेजारीण अजून आपल्या पोरांना लांब ओढते, ते पोर रुळलेलं नसतं, एवढं ‘पुनर्वसन’ सांगत नाही.

शीर्षकात मात्र ‘बालसैनिक’ राहू द्या. शोधणारा त्याच शब्दाने शोधतो.