हुओ-माई आणि ज्वे-माई : जमिनीच्या चिनी खतांतल्या या शब्दांना मराठीत काय म्हणावं?

चीनच्या आन्ह्वेइ प्रांतातल्या हुइचौ भागातल्या व्यापारी घराण्यांच्या जमिनीच्या कागदांवर लेख लिहिते आहे. मीठ, चहा, लाकूड आणि गहाणवटीची दुकानं यांवर हे लोक दूरदूर पैसा मिळवत आणि गावाकडे शेतं घेत. मिंग आणि छिंग राजघराण्यांच्या काळातली त्यांची हजारो खतं, म्हणजे जमिनीचे दस्त, टिकली आहेत. त्यांत ‘हुओ-माई’ म्हणजे शब्दशः जिवंत विक्री. पैसे परत देऊन विकणाऱ्याला जमीन सोडवता येते. ‘ज्वे-माई’ म्हणजे तोडलेली विक्री. परतीचा रस्ता बंद. पहिल्याला ‘मुदतखरेदी’ म्हणू का?

– ताई, मुदतखरेदीत मुदत टळली की जमीन गेली. हुओ-माईत पुष्कळदा मुदत घातलेलीच नसे. आजोबांनी विकलेलं शेत सोडवायला नातू उभा राही, त्यावरून भांडणं कचेरीत जात. म्हणून छिंग सरकारने १७३० मध्ये ठरवलं की विक्री कायमची असेल तर खतात तसं स्पष्ट लिहा. १७५३ मध्ये संदिग्ध जुन्या खतांना ३० वर्षांची मर्यादा घातली. ‘मुदतखरेदी’ लिहिलंत तर वाचकाला हे भांडण कळणारच नाही. मी ‘सोडवणुकीची विक्री’ सुचवेन.

– सोडवणुकीची विक्री आवडलं. ‘दिएन’ हा शब्दही येत असेल ना? त्यात पैसे देणारा शेताचा ताबा घेतो आणि व्याजाऐवजी पीक खातो. त्याला आपल्याकडे सरळ ‘ताबेगहाण’ म्हणतात, नवा शब्द घडवायला नको.

– ज्वे-माईसाठी माझं मत ठाम आहे : ‘कायम खुषखरेदी’. माझे वडील तहसील कचेरीबाहेर दस्त लिहायचे, त्यामुळे ‘कायम खुषखरेदीखत’ हे शब्द लहानपणापासून कानावर आहेत. त्यातला ‘खुष’ म्हणजे राजीखुषीने, कुणाच्या दडपणाखाली नव्हे. हुइचौच्या खतांतही ‘पैशाची अडचण असल्याने स्वतःच्या इच्छेने विकतो’ अशा अर्थाचं वाक्य सुरुवातीलाच असतं. पुढे चारी दिशांच्या हद्दी येतात, म्हणजे आपली चतुःसीमा. शेवटी मध्यस्थाचं नाव. अडचणीत सापडलेल्या माणसाकडून ‘खुषीने’ लिहून घ्यायची ही रीत दोन्हीकडे दिसते तेव्हा मला फार वाईट वाटतं. म्हणूनच हा शब्द सोडू नका, ‘अंतिम विक्री’ असलं गुळगुळीत काही लिहू नका.

– सगळ्यांचे आभार. ‘कायम खुषखरेदी’ घेतलं. आणखी एक : ‘होंग-छी’ आणि ‘बाय-छी’, लाल खत आणि पांढरं खत. लाल खताला ‘नोंदणीकृत’ लिहू?

– नको. नोंदणी ही आपल्या आताच्या व्यवस्थेतली गोष्ट. तिकडे खत झाल्यावर कर भरला की कचेरीचा लाल शिक्का बसे, ते लाल खत. कर चुकवायला पुष्कळजण शिक्क्याशिवायच ठेवत, ते पांढरं. पांढऱ्यावरही गावात व्यवहार चाले, फक्त वाद झाला की लाल वरचढ. ‘लाल खत, पांढरं खत’ असंच ठेवा, पहिल्या वेळी एका ओळीत समजावा.

– आणि जमीन विकताना आधीची खतंही घेणाऱ्याच्या हाती जात, त्यासाठी ‘मागले दस्त’ वापरा. एकाच शेताची पाच-पाच खतं एका घरात का सापडतात, ते वाचकाला त्यावरून कळेल.