मरळीसाठी सात फुटी ब्लँक साडेसहा करायचाय: शेंडा कापू की बूड?

सिंदफणाकाठ (माजलगाव)
मंडळी, नवा कार्बन ब्लँक (गळाच्या रॉडची नुसती काठी, कडी-मूठ न लावलेली) आलाय. 7 फूट, एकसंध, मीडियम पॉवर, फास्ट ॲक्शन. पहिल्यांदाच स्वतः रॉड बांधायलोय. धरणाच्या उघड्या काठावर 7 फूट मस्त चालतो, पण मी जातो पाझर तलावावर नाहीतर कोल्हापुरी बंधाऱ्यावर. मागं बाभळी, पुढं बेशरम, मधी मी. फेकायला काठी मागं नेली की शेंडा बाभळीत. म्हणून 6 इंच काढायचे ठरवलेत.
माझं मत, शेंड्याकडूनच कापावं. तसाही तो सुतळीसारखा बारीक, कधीतरी मोडणारच. तो गेला की काठी कडक होईल आणि मरळ झाडीतून ओढायला बरी पडेल. सल्ला कमी द्या, भांडा जास्त.

वेळूचा_गळ (नांदेड)
अरे बाबा, आसूड कधी हातात घेतलायस का? त्याची टोकाची वादी कापून टाक आणि मग फटका मारून बघ. ब्लँकची गत तीच.
फास्ट ॲक्शन म्हणजे काठी मुख्यतः वरच्या तिसऱ्या हिश्श्यात वाकते. तू नेमका त्याच हिश्श्यातला सगळ्यात मऊ तुकडा काढायला निघालास. उरलेली काठी कडक होणार हे खरं, पण वाकण खाली सरकणार, म्हणजे फास्टची मॉडरेटकडे जाणार. पोकळ नळीचा कडकपणा व्यासाच्या घनाने वाढतो. भिंतीची जाडी तीच धरली तर दीडपट व्यासाची नळी जवळपास साडेतीनपट कडक होते. म्हणून शेंड्याचे 6 इंच आणि बुडाचे 6 इंच फूटपट्टीवर सारखे दिसले तरी कामाला सारखे नाहीत.
कापायचंच असेल तर बूड काप. तो भाग मुठीत जातो, तिथं काठी वाकतच नाही.

मांजरापट्टा (लातूर)
सर, आदर ठेवून असहमत. तुमचं गणित बरोबर हाय, पण मरळ गणित वाचून येत नाही.
माझ्या साडेसहा फुटीचा शेंडा यष्टीच्या दारात चेमटला. 4 इंच गेले. रडत बसलो नाही, तुटका भाग साफ केला, मोठ्या नंबरची टिप टॉप (शेंड्यावरचं कडं) बसवली आणि दोन हंगाम त्याच काठीवर मरळ मारायलोय. मरळीचं तोंड म्हणजे हाडाचा डबा. फ्रॉगवर (बेडकासारख्या नकली आमिषावर) तिनं झडप घातली की एकच झटका मिळतो, त्यात काटा आत गेला पाहिजे. मऊ शेंड्यानं तो झटका खाऊन टाकला तर फ्रॉग परत येतो आणि मरळ बेशरमाच्या मुळीत जाऊन बसते. शेंडा कापल्यावर माझे सुटलेले मासे कमी झाले. कामून घाबरवता त्या पोराला?

नाथसागरचा_कटला (पैठण)
दोघंबी चूक. ब्लँक कापायचाच कामून? बनवणाऱ्यानं कार्बनचं कापड कसं गुंडाळायचं, कुठं जाड ठेवायचं, कुठं पातळ, हे सगळं 7 फुटाचा हिशेब धरून केलेलं असतं. त्यावर छापलेलं ल्युअरचं (नकली आमिषाचं) वजन आणि दोऱ्याची ताकद कापल्याक्षणी खोटी होते. कंपनीची हमी गेली ती वेगळीच. साडेसहा फूट पाहिजे तर साडेसहाचा घ्यायचा. नवी पँट शिंप्याकडं नेऊन हाफ पँट करणारे लोक तुम्ही.

मांजरापट्टा (लातूर)
पँट लांब असली की सगळेच कापतात भाऊ, फक्त खालून. 😄

नाथसागरचा_कटला (पैठण)
मग खालूनच कापा ना, वरून कापायचा हट्ट कुणाचा हाय?

वेळूचा_गळ (नांदेड)
मांजरापट्टा, तुमचे मासे कमी सुटले हे मान्य. पण एक खरं सांगा, 10 ग्रॅमचा छोटा फ्रॉग त्या काठीवरून पूर्वीइतका लांब जातो का? हलकं वजन फेकताना तो मऊ शेंडाच आधी वाकतो आणि सुटताना वजनाला ढकलतो. तो नसला की तुम्ही काठीनं फेकत नाही, खांद्यानं फेकता.

मांजरापट्टा (लातूर)
नाही जात. खरं हाय. 10 ग्रॅम आता दहा पावलं अलीकडं पडतो. मी 15 च्या वरचे वापरतो. पण बंधाऱ्यावर पल्ला लागतोच किती? मासा समोर वीस फुटांवर, बेशरमाच्या सावलीत.

कानस_आणि_कापड (वाळूज)
रात्रपाळी करून आलोय, सगळं एकदमच वाचलं. माझं काम एमआयडीसीत टूल रूममध्ये, म्हणून कापण्याबद्दल बोलतो. काय कापायचं यापेक्षा कसं कापता याच्यात जास्त ब्लँक मरतात.
माझा पहिला ब्लँक मी पाइप कटरनं कापला. चाकानं नळी दाबली आणि कार्बन चिरला. बाहेरून कापलेली कड गुळगुळीत दिसत होती. वाकवल्यावर कडेपासून दोन इंच लांब एक केसासारखी रेघ उठली, नख फिरवलं तर अडकलं. तो ब्लँक आता टोमॅटोला आधार देतोय. कार्बनचा धागा लांबीत ओढाल तर भलता ताकदवान, पण दाबलात की तडकतो. म्हणून पक्कड नाही, कात्री नाही, पाइप कटर तर नाहीच.
कापायच्या जागी मास्किंग टेपचे तीन-चार वेढे घट्ट मारा. 32 दाती हॅकसॉ ब्लेड किंवा बारीक त्रिकोणी कानस घ्या. एका बाजूनं आरपार जाऊ नका, काठी फिरवत फिरवत चहूबाजूंनी खाच करा. मग बारीक एमरी पेपर ओला करून कड साफ करा. मास्क लावा, भुकटी ओल्या फडक्यानं पुसा, फुंकर मारू नका. कार्बनची भुकटी छातीत गेलेली बरी नाही आणि कातडीला खाज सुटते ती वेगळी.
आता भांडणाकडं. माजलगावकर, कापायच्या आधी कापून बघता येतं. ब्लँकचं बूड टेबलाला आडवं घट्ट बांध. शेंड्याला दोऱ्यानं अर्धी भरलेली लिटरची बाटली लटकव आणि शेंडा किती खाली आला ते मोज. मग तीच बाटली शेंड्यापासून 6 इंच आत बांध आणि त्या जागेपासून मोज. ही झाली तुझी शेंडा कापलेली काठी. नंतर दोरा परत टोकाला आणि बूड टेबलावर 6 इंच आत सरकवून बांध. ही झाली बूड कापलेली. ब्लेडला हात न लावता तिन्ही काठ्या हातात.

नाथसागरचा_कटला (पैठण)
हे आवडलं. मत तरी बदललं नाही.

सिंदफणाकाठ (माजलगाव)
केलं. आईनं विचारलं बाटलीला फाशी कामून दिलीस. 😅
अर्धी बाटली, बुडाचा 1 फूट टेबलावर बांधला. अख्खी काठी: 22 इंच खाली. शेंड्यापासून 6 इंच आत बांधल्यावर: 15. बूड 6 इंच सरकवल्यावर: 19.
म्हणजे सर तुमचं खरं निघालं, शेंड्याचे 6 इंच बुडाच्या दुपटीहून जास्त फरक पाडतात. वाकणसुद्धा डोळ्यांनी दिसलं. आधी टोकाशी गळासारखा बाक होता, दोरा आत बांधल्यावर तो सरळ मधोमध आला, आमच्या तुरीच्या झाडागत. माझा विचार डळमळला, हे कबूल.

मांजरापट्टा (लातूर)
थांब. 15 म्हणजे काठी कडक झाली. तुला कडकच पाहिजे होती ना? बाटली माझ्या बाजूनं बोलायली आणि तू सरांकडं पळायलास.

वेळूचा_गळ (नांदेड)
बाटली दोघांच्याही बाजूनं बोलते आहे. प्रश्न एवढाच की याला मुख्यतः काय फेकायचं आहे.

सिंदफणाकाठ (माजलगाव)
8 ते 12 ग्रॅमचे फ्रॉग. त्याच्यावरचे माझ्याकडं दोनच.

वेळूचा_गळ (नांदेड)
मग बूड.

मांजरापट्टा (लातूर)
8 ग्रॅम असेल तर मी बी बूडच म्हणतो, जा. पण 6 इंच एकदम नको. बूड कापलं की मूठ आखूड होते, दोन्ही हातांनी फेकता येत नाही आणि काठी नाकानं जड वाटते. रील सीट (रील अडकवायची बैठक) अन् रील टेपनं तात्पुरती बसवून मूठ कोपराखाली येते का बघ. माझ्या मित्रानं 8 इंच काढले, मग तोल सांभाळायला बुडात पितळी नट भरत बसला. ज्या वजनापासून सुटायला कार्बन घेतला तेच वजन परत.

कानस_आणि_कापड (वाळूज)
बरोबर. आणि बूड कापल्यावर तिथला व्यास थोडा कमी होतो. रील सीटच्या आत टेपचे वेढे किंवा तयार आर्बर (फट भरायच्या रिंगा) जास्त लागतील, डुगडुग ठेवू नको. दुहेरी ब्लँकवाल्यांनी सांध्याला हात लावायचा नाही, तिथली मापं एकमेकांत बसवलेली असतात.
उगीच माहितीसाठी: शेंडा कापला असता तर टिप टॉपही बदलावी लागली असती. तिचा नंबर म्हणजे नळीचा व्यास इंचाच्या चौसष्टाव्या भागात. 4.5 नंबर म्हणजे साधारण 1.8 मिलिमीटर, 5.5 म्हणजे 2.2. तू बहुतेक 4.5 आणून ठेवली असशील, ती वर चढलीच नसती. बसवताना गरम करून लागणारा गोंदच वापर, पुढं काढता आली पाहिजे. इपॉक्सी तिथं नको.

नाथसागरचा_कटला (पैठण)
आणि दोरा ओवायच्या कड्यांचं? एक कडं कमी करणार की आहेत ती दाटीनं बसवणार?

कानस_आणि_कापड (वाळूज)
जेवढे फूट त्यापेक्षा एक जास्त, हा ढोबळ हिशेब. जागा कागदावरून घेऊ नको. कडी टेपनं चिकटव, दोरा ओवून वजन लाव. दोरा बाकाच्या आतून सरळ कापत जात असेल तिथं कडी जवळ आण. त्यानंतरच कडी पक्की करायला धागा गुंडाळायला घे.

सिंदफणाकाठ (माजलगाव)
काल रात्री कापला. बुडाकडून 4 इंच, 6 नाही. टेप लावून मूठ धरून बघितली, 6 ला कोपर मोकळं राहत होतं. कानशीनं पंधरा मिनिटं लागली, कड नखाला गुळगुळीत. आता काठी 6 फूट 8 इंच. बाभळीला अजून थोडी लागेल, मी एक पाऊल पुढं उभा राहीन.

नाथसागरचा_कटला (पैठण)
एक पाऊल पुढं उभं राहायचंच होतं तर कापलास कामून? 🙏

मांजरापट्टा (लातूर)
पैठणकर, तुम्ही जिंकलात असं समजा आणि झोपा. माजलगाव, उरलेला 4 इंचाचा तुकडा फेकू नको, धागा गुंडाळायचा सराव त्याच्यावर कर. आणि पाऊस पडल्यावर तांबड्या पिलांचा गोळा घेऊन फिरणारी मरळ दिसली तर तिच्यावर फ्रॉग टाकू नको, ती भुकेनं नाही, पिलांसाठी झडप घालते. ती उचललीस की खालची चिलापी दहा मिनिटांत गोळा साफ करते.

सिंदफणाकाठ (माजलगाव)
नाही टाकणार. धागा लाल घेऊ का काळा?

वेळूचा_गळ (नांदेड)
यावर नवा धागा काढ. हा इथंच राहू दे.