प्राध्यापकांचा संप चालू आहे, कॉलेज उघडं कसं ठेवायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी एका तालुक्याच्या गावी अनुदानित सिनियर कॉलेजात हेडक्लार्क आहे. मंगळवारपासून म्हणजे 25 सप्टेंबर 2018 पासून एमफुक्टोचं (राज्यातल्या प्राध्यापक संघटनांच्या महासंघाचं) बेमुदत कामबंद सुरू झालंय आणि आमचे जवळपास सगळे कायम प्राध्यापक त्यात आहेत. प्राचार्य सरांनी बोलावून एवढंच सांगितलं की मॅडम, कॅम्पस बंद पडता कामा नये, काय लागेल ते बघा. आज गुरुवार, आणि काय काय बघावं लागतं ते मला तीन दिवसांत एकेक करून कळतंय, म्हणून इथे विचारते.

आधीच सांगते, संप बरोबर की चूक यावर मला वाद नकोय. भरतीबंदीने काय झालंय ते मी रोज बघते, काही विभागांत एकच कायम माणूस उरलाय आणि बाकी सगळे सीएचबीवाले, म्हणजे तासिका तत्त्वावर तासाप्रमाणे पैसे मिळणारे, त्यांची तासिकांची बिलं माझ्याच टेबलावरून जातात. त्यामुळे संप मोडायचं पाप मला माझ्या हातून नकोय. पण हजारावर मुलं आहेत, निम्मी एसटीने येतात, त्यांचंही नुकसान नको. या दोन्हीच्या मधली रेघ कुठे ओढायची हेच कळत नाहीये.

2013 ला मी ज्युनियर क्लार्क होते. तेव्हा बहिष्कार परीक्षेच्या कामावर होता, 4 फेब्रुवारी ते 10 मे, पण तास चालू होते, सर लोक रोज येत होते, चाव्या जागेवर होत्या. यावेळी उलटं आहे. तास बंद म्हटल्यावर त्या माणसांच्या हातातली बाकीची शंभर कामंही बंद, आणि ती कामं कुठल्या कागदावर लिहिलेली नसतात.

सगळ्यात मोठी काळजी मुलींच्या होस्टेलची. रेक्टर मॅडम म्हणजे आमच्याच मराठीच्या प्राध्यापिका, त्यांच्याकडे होस्टेलचा जादा चार्ज. त्या संपावर. रात्री वॉचमन आणि मेसवाल्या मावशी असतात पण गेटपासवर सही कुणाची? काल एका मुलीला ताप आला, मी साडेनऊला घरून निघून तिला दवाखान्यात नेलं. एक दिवस ठीक आहे, रोज कसं जमणार? आणि माझी सही चालते का हे कुणीच सांगत नाही.

दुसरं सायन्स बिल्डिंग. मंगळवारी संध्याकाळी आमच्या शिपायाने, तास नाहीत तर वीज कशाला जाळा म्हणून, अख्ख्या बिल्डिंगचा मेन बंद केला. त्याचा हेतू चांगलाच होता. सकाळी लक्षात आलं की मायक्रोबायोलॉजीचा फ्रीज रात्रभर बंद होता, त्यात जिवाणूंच्या कल्चरच्या नळ्या आहेत. गेल्या त्या का? माझं शिक्षण बीकॉम, मला उघडून बघायचीही भीती वाटते. केमिस्ट्री स्टोअरची चावी विभागप्रमुखांकडेच आहे, आत काय आहे ते आम्हाला माहीत नाही, आणि दारातून उग्र वास येतो असं लॅब असिस्टंट म्हणतो.

लायब्ररीचंही तेच. ग्रंथपाल प्राध्यापकांसारखेच यूजीसी स्केलमध्ये (वेतनश्रेणीत) म्हणून तेही संपात, जिमखान्याचे सरही. सेमिस्टर परीक्षा तोंडावर आहेत आणि अभ्यासिकेला कुलूप, मुलं व्हरांड्यात फरशीवर बसून वाचतायत. ते बघून जीव तुटतो हो.

ज्युनियर कॉलेज त्याच इमारतीत चालू आहे, महाडीबीटीचे स्कॉलरशिपचे अर्ज, बोनाफाइड, एसटी पासचे फॉर्म ही कामं आम्ही ऑफिसवाले रेटतोय, त्याची चिंता नाही.

आणि एक छोटी गोष्ट. भूगोलाच्या सरांनी मागच्या आवारात पर्जन्यमापक आणि कमाल-किमान तापमापक बसवलाय, रोज सकाळी साडेआठला नोंद होते, रविवारी आणि दिवाळीतसुद्धा. सर सोमवारी जाताना ती वही माझ्या टेबलावर ठेवून गेले, तोंडाने काही बोलले नाहीत. मी मंगळवारपासून नोंदी घेतेय, चुकत असेन तर सांगा.

शेवटचा प्रश्न सीएचबीवाल्यांचा. संस्थेतून सुचवणी आली की कायम लोकांचे तास सीएचबीवाल्यांकडून घ्या. मला ते पटत नाही पण त्यांना नाही म्हणायचा अधिकार तरी आहे का? कुणी अशा दिवसांत कॉलेज चालवलंय का? कृपया लिहा.

प्रतिसाद 1 (निवृत्त प्राध्यापक)

मॅडम, मी 2013 च्या आंदोलनात होतो. तास घेऊनसुद्धा आमचा 71 दिवसांचा पगार कापला गेला आणि तो द्या ही मागणी आजच्याही यादीत आहे, तेव्हा संपावरची माणसं किती दुखावलेली असतील ते समजून घ्या. पण दुखावलेला माणूस मुलींचं होस्टेल वाऱ्यावर सोडत नाही. तुम्ही संघटनेच्या स्थानिक युनिटच्या सचिवांना सरळ जाऊन भेटा. प्राचार्यांचं पत्र घेऊन नको, तशाच जा. होस्टेल, प्रयोगशाळेची सुरक्षितता, आजारपण एवढ्याच तीन गोष्टी मागा. शिकवणं, इंटर्नलचे गुण, परीक्षेचं काम यातलं काही मागू नका. आम्हाला कुणी असं विचारलं असतं तर आम्ही नाही म्हटलं नसतं, विचारलं कुणी नाही, नोटिसाच आल्या. इंटर्नलचे गुण तर ऑफिसात कुणालाही भरू देऊ नका, कितीही घाई असली तरी. ते नंतर निस्तरत नाही.

प्रतिसाद 2 (लॅबमधला माणूस)

ताई, घाबरू नका. दार बंद असलेल्या फ्रीजमध्ये स्लँट, म्हणजे त्या कल्चरच्या नळ्या, एका रात्रीत मरत नाहीत. फक्त सारखं उघडझाप करू नका, नळ्या हाताळू नका, आणि मेन स्विचवर मोठ्या अक्षरात कागद चिकटवा की हा बंद करायचा नाही. महिना-दीड महिना गेला तर मात्र सबकल्चर (नव्या नळीत परत वाढवणं) करावं लागेल, ते काम विभागातल्याच माणसाचं.

केमिस्ट्री स्टोअरचं हलक्यात घेऊ नका. बाहेरून एक्झॉस्टचं बटण असेल तर चालू करून ठेवा, आजूबाजूला कुणी काडी ओढणार नाही हे बघा, लॅबच्या गॅसचे व्हॉल्व्ह सिलिंडरपाशीच बंद करा. कुलूप फोडून आत जायचं नाही. आत सोडियम रॉकेलमध्ये बुडवलेला असतो, ईथर असतं, माहीत नसलेल्या माणसाने बाटली हलवायची नाही. विभागप्रमुखांना फोन करून सांगा की फक्त वास कशाचा ते बघून जा. त्याला कुणी संप मोडला म्हणणार नाही.

प्रतिसाद 3 (तासिका तत्त्वावर काम करणारा)

अधिकाराचं विचारलंत म्हणून लिहितो. कागदावर आम्हाला काहीच नाही. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही, आणि तेही महिनोन्महिने उशिरा. या संपात समान कामाला समान वेतन ही मागणी आमच्यासाठीच आहे, म्हणून दुसऱ्याचे तास घ्यायला माझे हात उचलत नाहीत. पण नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी ऑर्डर मिळेल का ही भीती असतेच, ती तुम्ही कुणाला विचारून घालवू शकत नाही. तुम्हाला एकच करता येईल. ज्याचे त्याचे ठरलेले तास ज्याला घ्यायचेत तो घेईल, जादा तास कुणाला द्यायचे नाहीत, आणि जो घेणार नाही त्याचं नाव वेगळ्या यादीत लिहायचं नाही. यादी तुमच्याच ऑफिसात बनते मॅडम, म्हणून सांगतोय.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं वाचलं आणि आज दुपारी सचिव सरांच्या घरी जाऊन आले. मी होस्टेलचा विषय काढला तसे ते म्हणाले, मॅडम हे आम्हीच तुम्हाला येऊन सांगायला हवं होतं. रेक्टर मॅडम आज संध्याकाळपासून होस्टेलवर राहायला येतायत, हजेरीपत्रकावर सही न करता. केमिस्ट्रीचे सर अर्ध्या तासात आले, एका बाटलीचं बूच सैल होतं ते बसवलं, एक्झॉस्ट लावला आणि चावी माझ्याकडे न देता परत घेऊन गेले, तेच बरं झालं.

अभ्यासिका लायब्ररी अटेंडंटच्या भरवशावर सकाळी दहा ते पाच उघडणार, पुस्तकांची देवघेव बंदच, फक्त बसायला टेबलं. प्राचार्य सर यालाही आधी तयार नव्हते, देवघेव पण सुरू करा म्हणत होते, मी ग्रंथपालांचं काम आहे म्हणून नाही म्हटलं. त्यांनी ऐकलं.

तासिकांच्या यादीबद्दल जे लिहिलंत ते डोक्यात राहिलंय. आज तशी यादी मागणारा फोन आला होता. मी म्हटलं, ज्यांनी तास घेतले त्यांची बिलं महिनाअखेरीला नेहमीसारखी पाठवते, दुसरी यादी मी केलेली नाही. उद्या लेखी मागितली तर काय उत्तर द्यायचं, हे कुणाला माहीत असेल तर मात्र आज रात्रीच सांगा.

पावसाच्या नोंदीबद्दल कुणी काही लिहिलं नाही. आज साडेआठला मापकात काही नव्हतं, तर मी वहीत 0.0 लिहिलंय. रकाना कोरा सोडायचा नसतो ना?