प्रत्यर्पण, प्रत्यार्पण की हद्दपारी?

मेधा_त: एका माहितीपटाचं मराठी निवेदन लिहितेय. छोटा राजन ऑक्टोबर २०१५ मध्ये बालीत पकडला गेला, नोव्हेंबरात भारतात आणला. मी लिहिलं, ‘त्याचं प्रत्यार्पण झालं.’ संपादकांनी खोडून ‘हद्दपार केलं’ केलं. हद्दपार म्हटलं की मला ‘ठाणे, रायगड जिल्ह्यांतून दोन वर्षांसाठी’ हीच बातमी आठवते. काय लिहू?

जुनी_पाटी: आधी काना काढा. प्रति + अर्पण = प्रत्यर्पण. माझ्या मते तो काना ‘प्रत्यारोपण’मधून आलाय. तिथे प्रति + आरोपण आहे, म्हणून तिथे तो हक्काचा.

कोर्टकचेरी: मेधाताई, ‘प्रत्यर्पण’ खोडलं ते योग्यच. राजनला इंडोनेशियाने परका नागरिक म्हणून देशाबाहेर काढलं. प्रत्यर्पण म्हणजे दुसऱ्या देशाने मागितलेला आरोपी खटल्यासाठी कायदेशीर प्रक्रियेने त्याला सोपवणं, ते अबू सालेमचं झालं. २००२ मध्ये पोर्तुगालात लिस्बनला अटक, २००५ मध्ये ताबा, तोही फाशी नाही आणि २५ वर्षांवर कैद नाही अशी हमी भारताकडून घेऊन. शिवाय ज्या गुन्ह्यांसाठी माणूस सोपवला त्यांचेच खटले चालवता येतात, १९६२ च्या प्रत्यर्पण कायद्यात तसं कलमच आहे. शब्द बदलला की हे सगळं बदलतं.

मेधा_त: मग ‘मायदेशी पाठवणी’?

आजोळ: पाठवणी नको हो, ती लेकीची असते. आणि विषय निघालाच आहे तर, कर्जं थकवून विमानाने लंडन गाठणाऱ्यांना बातम्यांत ‘परागंदा’ म्हणतात, ते वाचून जीव तुटतो. ७२ च्या दुष्काळात माझ्या आजीचं माहेर परागंदा झालं. भांडी गोणपाटात बांधली, जातं ओसरीवरच राहिलं. परागंदा ते!

जुनी_पाटी: तुमच्या आजीचा वापर मुळाला धरून आहे. फारसीत परागंदा म्हणजे विखुरलेला. ‘फरार’चंही तेच झालंय. अरबीत फरार म्हणजे पलायन, पळालेला तो फरारी. ‘फरार आरोपी’ चूक.

नाक्यावरचा: दादा, अख्खा महाराष्ट्र ‘फरार झाला’ म्हणतो. लोक बोलतात ती भाषा चूक कशी?

जुनी_पाटी: लोक ‘प्रत्यार्पण’ही म्हणतात. तेही चालवून घ्यायचं?

नाक्यावरचा: हो. सगळ्यांना कळतं ना?

कोर्टकचेरी: कळतं कुठे? रेड कॉर्नर नोटिशीला सर्रास ‘आंतरराष्ट्रीय अटक वॉरंट’ लिहितात. इंटरपोल कुणाला अटक करत नाही. माणूस शोधा, तात्पुरता अटकेत ठेवा, अशी ती सदस्य देशांच्या पोलिसांना केलेली विनंती असते.

मेधा_त: उद्या रेकॉर्डिंग आहे. ‘इंडोनेशियाने देशाबाहेर काढून भारताच्या ताब्यात दिलं’ चालेल?

जुनी_पाटी: ‘ताब्यात’पेक्षा ‘हवाली’ नेमका. दोन्ही अरबीच, पण हवालीत सोपवणं आहे.

आजोळ: आमची आजी लेकरू शेजारणीच्या हवाली करून रानात जायची.